भांडण कशावरनं लागलं, ते कुणालाच म्हाईत नव्हतं

जय भीम, नमो बुद्धाय. माईक जरा लांब करा, शिट्टी मारालाय. हां, आता बरं.

मला विषय दिलाय शांती, आशा आणि माणसाची जबाबदारी. तिन्ही शब्द लय मोठे, आणि मी आपला रिटायर कंडक्टर, सगळी नोकरी बेळगाव-निपाणी लाइनला गेली, त्यामुळं बोलीन ते तिकिटाच्या हिशोबानंच बोलीन, भन्तेजींनी सांभाळून घ्यावं.

रोहिणी नदीची गोष्ट तुम्हाला म्हाईत हाय. एका बाजूला शाक्य, दुसऱ्या बाजूला कोलीय, मधी नदी, नदीवर एकच बंधारा. जेठाचा महिना, पिकं वाळाय लागलेली, आणि दोन्हीकडचे मजूर म्हणतात आमचं पीक एका पाण्यावर निघतंय, पाणी आम्हाला सोडा. इथंपर्यंत ठीक हाय, पाण्याचं भांडण पाण्यावर मिटतं, आमच्या खानापूर तालुक्यातनं निघणाऱ्या म्हादईचंच बघा की, लवादानं २०१८ साली निकाल दिला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३, आता तो कुणाला पटो न पटो पण आकडा तरी हाय, त्याच्यावर कोर्टात बोलता येतंय. शिवीला टीएमसी नसतो. तिकडं रोहिणीवर एकानं दुसऱ्याला मारलं, मग दुसऱ्यानं ह्याला, आणि मग पाणी राहिलं बाजूला, तुमचं खानदान असलं, तुमची पैदास तसली. मजुरांनी जाऊन अधिकाऱ्यांना सांगितलं, अधिकाऱ्यांनी राजघराण्यात, आणि हत्यारं घेऊन दोन्ही फौजा काठावर हजर.

आता मला त्या गोष्टीत सगळ्यात आवडतो तो भाग पुढचा हाय, आणि तोच आपण सांगताना गाळतो. बुद्ध तिथं येतात आणि विचारतात, भांडण कशावरनं? राजे म्हणतात आम्हाला म्हाईत न्हाई. मग कुणाला म्हाईत? सेनापतीला विचारा. सेनापतीला पण म्हाईत न्हाई. असं एकेकाला विचारत विचारत खाली येतात, शेवटी बांधावरचा मजूर सांगतो, पाण्याचं हाय जी. मग बुद्ध विचारतात, पाण्याची किंमत काय? थोडी. आणि माणसाची? मोजता येत न्हाई. मग थोड्यासाठी न मोजता येणारं का सांडताय.

परंपरेत हे बुद्ध झाल्यानंतरचं हाय. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मधी हे भांडण गृहत्यागाच्या आधी घेतलंय, सिद्धार्थ शाक्यांच्या संघाच्या सभेत उभा राहून युद्धाला विरोध करतो आणि मतदानात पडतो. पडतो! बहुमत लढाईच्या बाजूला. मग तो हो ला हो करत न्हाई, शिक्षा घेतो आणि घर सोडून निघतो. ही झाली जबाबदारी, सभेत हरल्यावर पण आपलं मत न सोडायची.

माझं सांगतो. १९८७ साल असेल, म्हणजे शहाऐंशीच्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाची धग अजून गेली नव्हती, नोव्हेंबरचे दिवस, त्या दिवसांत आपल्या भागात माणूस "नमस्कार" म्हणाला तरी कुठल्या भाषेत म्हणाला ते आधी बघायचे. संकेश्वरला एक म्हातारं चढलं, कन्नडच बोलायचं, निपाणीचं तिकीट घेतलं. तीन रुपये परत द्यायचे होते, माझ्याजवळ चिल्लर न्हाई, रिवाजाप्रमाणं तिकिटाच्या मागं ३ लिहून दिले. पण म्हाताऱ्याला धास्ती, मी इसरीन म्हणून, दर दहा मिनिटाला "चिल्लर कोडरी, चिल्लर कोडरी". गाडी खच्चून भरलेली, घामानं मी वैतागलेलो, आणि माझ्या तोंडनं निघालं, "तुम्ही लोकं म्हणजे असंच". बस. "तुम्ही" म्हटलो असतो तर ते एका म्हाताऱ्याला लागलं असतं, "लोकं" म्हटलो आणि आर्ध्या गाडीला लागलं. मागनं एकजण उठला, तुम्ही लोकं म्हणजे कोण रे? त्याला उत्तर द्यायला माझ्या बाजूनं दोघं उठले, मी बोलवलं पण नव्हतं. तवंदी घाटात येईस्तोवर कॉलर धरलेली.

आमचा ड्रायव्हर गोकाककडचा, कन्नड घरातला, घाटातच गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागं आला. एकेकाला विचारत आला, काय झालंय? पुढचे म्हणतात मराठीवाल्यांनी शिव्या दिल्या. कुणी दिल्या? म्हाईत न्हाई, मागं विचारा. मधले म्हणतात कन्नडवाल्यांनी सुरुवात केली. कशावरनं? म्हाईत न्हाई. शेवटी म्हाताऱ्यापर्यंत आला, म्हाताऱ्यानं कापऱ्या हातानं तिकीट पालथं करून दाखवलं. ३. ड्रायव्हर माझ्याकडं बघितला, बोलला काय न्हाई. त्यानं रोहिणीची गोष्ट ऐकलेली नव्हती, मी मात्र लहानपणापासनं विहारात ऐकत आलेलो, आणि बांधावर उभा राहून पहिली शिवी देणारा मीच.

आता इथं कोण तरी म्हणेल, म्हणजे आपण मराठीचा हक्क सोडायचा काय? न्हाई हो. बेळगाव सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासनं सुप्रीम कोर्टात हाय, असू दे, पोराला मराठी शाळा पायजे तर अर्ज करा, परत करा. बाबासाहेबांनी १९४९ साली संविधान सभेत सांगितलंय, रक्ताचे मार्ग सोडा, संविधानाचे धरा. शांती म्हणजे तोंडावर बोट न्हवं. मागणी करताना "लोकं" शब्द तेवढा गाळायचा, एवढंच माझं म्हणणं.

दोन तारखा सांगतो, हिशोबाच्या माणसाला तारखा दिसतात. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, बाबासाहेबांसंगं धम्मदीक्षा. १ नोव्हेंबर १९५६, राज्य पुनर्रचना. मधी फक्त अठरा दिवस. एक नोव्हेंबरला आपण म्हैसूर राज्यात गेलो, आमच्या आज्जीला कुणी विचारलं नव्हतं, ती तंबाखूच्या वखारीत पानं निवडत बसलेली आणि राज्य बदललं. पण चौदा ऑक्टोबरला जे झालं ते ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं म्हटलं, बावीस प्रतिज्ञा, "मी" ह्या शब्दानं. तिथं "आम्ही लोकं" असं न्हवतं. आपण मात्र बैठकीत बसलो की एक नोव्हेंबरवर दोन तास आणि चौदा ऑक्टोबरवर मिरवणुकीपुरतं.

आशेचं म्हणाल तर मला ती गाडीतच कळली. कंडक्टरनं "राइट" म्हटल्याशिवाय गाडी हलत न्हाई. धम्म तेच सांगतो, हे असलं की ते होतं, हे काढून घेतलं की ते होत न्हाई. भांडण पण अनित्य हाय, पण आपोआप जात न्हाई, कुणीतरी "राइट" म्हणायचं थांबवाय लागतं. मोबाइलवर पुढं ढकलायचं ते बटण पण "राइट"च हाय, पोरांनो, तुम्हालाच सांगालोय.

तीन रुपयांचं राहिलं. माझ्याजवळ खरंच नव्हते. ज्यानं कॉलर धरली होती, त्यानंच खिशातनं काढून म्हाताऱ्याला दिले. म्हाताऱ्यानं तिथल्या तिथं मोजून घेतले. निपाणी स्टँडवर मी चिल्लर करून त्याला शोधाय गेलो, तोवर तो उतरून गेलेला.