मोडलेलं की मुळातलंच?

(दृश्य: वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजवर पडतो. संथ गती.)

हा पाय बघा. आधी टाच टेकते आणि क्षणात पंजा जमिनीवर आपटतो. त्या वेळी घोट्याच्या मागच्या बाजूला नडगी आणि टाचेचं हाड जवळ येतात आणि मधलं सगळं चेपतात. अडकित्ताच म्हणा.

काहींच्या अडकित्त्यात खरोखर सुपारी असते. तिचं नाव ऑस ट्रायगोनम. टॅलस या घोट्यातल्या हाडाच्या मागच्या टोकाशी साधारण 8 ते 11 व्या वर्षी हाडाचा वेगळा ठिपका तयार होतो आणि बहुधा वर्षभरात मूळ हाडाला जुळून जातो. शंभरातल्या सात ते चौदा जणांत तो सुटाच राहतो. त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

(दृश्य: घोट्याचा बाजूने काढलेला एक्स-रे.)

मग एक दिवस पाय मुरगळतो, एक्स-रेत सुटा तुकडा दिसतो आणि घरात एकच वाक्य फिरतं, “हाड मोडलंय!” मोडलेलं असूही शकतं. नेमकं त्याच टोकाचं फ्रॅक्चर माँट्रियलच्या फ्रान्सिस शेफर्ड यांनी 1882 मध्ये नोंदवलं होतं. म्हणून कड बघायची. ताज्या फ्रॅक्चरची कड खडबडीत असते. मुळातल्या हाडाची कड गोल, गुळगुळीत, चहूबाजूंनी पांढऱ्या रेषेत बंद. दुसऱ्या पायाचा एक्स-रे काढून खात्री होईलच असं नाही, कारण हे हाड एकाच पायात असू शकतं.

आणखी एक घोळ आहे. हाड मुळातलंच सुटं, पण त्याला टॅलसशी धरून ठेवणारी कूर्चा आता फाटलेली. एक्स-रेला कूर्चा दिसत नाही. इथे डॉक्टरांचा हात कामाला येतो. पाऊल झटकन खाली वाकवलं आणि घोट्यामागे खोलवर कळ आली, की संशय बळावतो. एमआरआयमध्ये हाडातली सूज दिसते. तरीही शंका उरलीच, तर नेमक्या त्या जागी भुलीचं इंजेक्शन देतात. दुखणं तेवढ्यापुरतं गेलं, तर चोर तिथलाच.

उपचार सुरुवातीला कंटाळवाणे असतात. काही आठवडे घोटा हलू न देणारा बूट किंवा प्लास्टर, गोळ्या, फिजिओथेरपी, कधी स्टिरॉइड. महिनोन्महिने फरक पडला नाही, तरच हाड काढतात, हल्ली बऱ्याचदा दुर्बिणीतून. बाहेरच्या बाजूने पायाची संवेदना वाहणारी बारीक नस जाते, ती जपावी लागते.

(दृश्य: स्टीलच्या ट्रेमध्ये काढलेलं हाड.)

जेमतेम सेंटिमीटरभर. कड गुळगुळीत, एक बाजू मात्र फाटलेली.