डिस्चार्जच्या आधी एक इंजेक्शन

बाळंतिणींच्या वॉर्डात सकाळचा राउंड आटोपलाय आणि आता डिस्चार्जची गडबड. सगळ्यांचं लक्ष कुणाकडे आहे बघा, बाळाकडे! त्याचं वजन, त्याची कावीळ, त्याच्या लशी, त्याचं कार्ड. आणि कॉटवर टेकून बसलेली त्याची आई, असेल तेवीस-चोवीसची, तिची लस कोण विचारणार? आज सिस्टर विचारतायत.

"एचपीव्हीची लस झालीये का गं कधी?"

"नाही बहुतेक. कशाची असते ती?"

"एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो, तो होऊ नये म्हणून. घरी जायच्या आधी देऊन टाकूया, अंगावर पाजत असलीस तरी चालते."

एवढंच बोलणं. पण हे बोलायला ठरलेलं माणूस बऱ्याच ठिकाणी नसतं, कारण ही लस मुळात 9 ते 14 वर्षांच्या मुलींसाठी, तेव्हा राहून गेली की पुढे धडधाकट मुलगी दवाखान्यात जाते कशाला, आणि गरोदरपणात जाते तेव्हा ही लस देत नाहीत, पुढे ढकलतात. मग उरतो हा वॉर्डातला एक-दोन दिवसांचा मुक्काम. रुबेलाची लस ज्यांना लागते त्यांना इथूनच टोचून घरी सोडतात की, मग हीच का नाही?

आता ही कुपी जवळून बघा. फ्रीजमध्ये 2 ते 8 डिग्रीत ठेवलेली, हलवली की पांढरट गढूळ दिसते. अर्धा मिली फक्त. आत जिवंत विषाणू नाही, मेलेलाही नाही, आहे ते नुसतं त्याचं बाहेरचं कवच, एल1 नावाच्या प्रोटीनचं, आणि गंमत म्हणजे हे प्रोटीन प्रयोगशाळेत तयार केलं की आपोआप एकमेकांना जुळून पोकळ गोळा बनतो, हुबेहूब विषाणूसारखा. हे 1991 मध्ये ऑस्ट्रेलियात इयान फ्रेझर आणि जियान झोऊ या दोघांनी दाखवलं. त्याच्याही आधी, 1983-84 मध्ये, जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या टीमला या कॅन्सरच्या गाठींत एचपीव्हीचे 16 आणि 18 नंबरचे प्रकार सापडले होते, सुमारे 70 टक्के केसेस या दोघांमुळेच होतात. 2006 मध्ये पहिली लस आली, 2008 मध्ये हाउझेन यांना नोबेल.

दंडात सुई. झालं. आता पंधरा मिनिटं बसून राहायचं, कुणाकुणाला चक्कर येते म्हणून.

या वॉर्डात हे जमतंय कारण लस इथल्याच फ्रीजमध्ये आहे, आणि प्रत्येकीसाठी डॉक्टरांची वेगळी सही लागत नाही, एकदाच काढलेल्या ऑर्डरवर सिस्टर स्वतः विचारून, संमती घेऊन देतात. लस दुसऱ्या मजल्यावर, सही तिसऱ्यावर असं असतं ना, तर ही मुलगी आत्तापर्यंत बाळाला घेऊन गेटबाहेर पडली असती आणि "नंतर बघू" झालं असतं. गरोदरपणातच एकदा कानावर घातलेलं असलं तर अजूनच सोपं.

जगभरात 2022 मध्ये या कॅन्सरनं साडेतीन लाखांच्या आसपास बायका गेल्या.

आता सिस्टर कार्डावर तारखा टाकतायत, पेन चालत नाहीये, दुसरं मागवलं. डोस किती ते वयावर आणि त्या त्या देशाच्या नियमावर आहे, जागतिक आरोग्य संघटना 2022 पासून एकविशीच्या पुढे दोन सांगते, सहा महिन्यांच्या अंतरानं, काही देशांत अजून तीन देतात. तीन असतील तर दुसरा दीड महिन्यांनी, म्हणजे आईची तपासणी असते त्याच सुमाराला, वेगळी खेप नको. लस आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही, त्यामुळे ठरलेलं वय झालं की या कॅन्सरची तपासणी करायचीच, तेही सिस्टरनी कार्डाच्या खाली लिहिलंय.

"आणि तारीख चुकली तर?"

"चुकली तर ये तशीच. पहिल्यापासून नाही सुरू करावं लागत, राहिलेला तेवढा घ्यायचा."