ग्रान्यानो: वाऱ्यावर वाळलेला पास्ता

[पहाट, विया रोमा]

ही विया रोमा. इटलीत नेपल्सच्या दक्षिणेला, लात्तारी डोंगराच्या पायथ्याशी ग्रान्यानो नावाचं गाव आहे, त्याचा हा मुख्य रस्ता. आत्ता इथे पार्क केलेल्या गाड्या दिसतायत, पण हा जुना फोटो बघा, हाच रस्ता, दोन्ही कडेला बांबूचे दांडे आणि त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारा पास्ता, अख्ख्या गल्लीने धुणं वाळत घातल्यासारखा. १९व्या शतकात हा रस्ता नव्याने आखला तेव्हा ऊन कुठून येतं, समुद्राचा वारा कुठून शिरतो ते बघून आखला.

[समुद्र, सिसिली]

मार्को पोलोने पास्ता चीनहून आणला असं आपण लहानपणापासून ऐकतो. तो परतला १२९५ मध्ये. आणि ११५४ मध्येच अल-इद्रीसी हा अरब भूगोलतज्ज्ञ लिहून गेलाय की पालेर्मोजवळ त्राबियाला इत्रिया बनवतात आणि जहाजं भरभरून बाहेर पाठवतात. इत्रिया म्हणजे वाळवलेला पास्ता, आणि वाळवला म्हणूनच तो जहाजात टिकला. सिसिलीवर त्याआधी अरबांचं राज्य होतं, त्यांच्या हातची ही विद्या.

[जुनी चित्रं: नेपल्सचा बाजार]

नेपल्सच्या लोकांना आधी चिडवायचे पालाखाऊ म्हणून, कारण जेवणात भाजीपाला जास्त. १७व्या शतकात स्पेनची सत्ता असताना शहर माणसांनी फुगलं, मांस परवडेना, आणि त्याच काळात कणीक तिंबायचं आणि दाबून सेवया पाडायचं यंत्र आलं, पास्ता स्वस्त झाला आणि हेच लोक मॅकरोनीखाऊ झाले. या चित्रात बघा, रस्त्यावर कढई, आणि माणूस मान वर करून हाताने खातोय. वर फक्त किसलेलं चीज. टोमॅटो १६व्या शतकात अमेरिकेतून युरोपात आला खरा, पण पास्त्यावर रुळायला १९वं शतक उजाडलं.

[गिरण्यांची दरी]

ही पाणचक्क्यांची दरी. भिंतींवर वेली चढल्यात, छपरं गेलीत, झरा मात्र अजून वाहतोय. या पाण्यावर गहू दळला जायचा, ड्युरम गहू, आपला बन्सी गहू असतो ना त्याच जातीचा, टणक, पिवळसर, रवा चांगला पडणारा.

[हात, दांडा, क्लोजअप]

आता हे नीट बघा, कारण सगळी कला इथे आहे. ओला पास्ता आधी उन्हात ठेवायचे, वरून कागदासारखा कडक होईपर्यंत. त्याला इथले लोक इनकार्तामेंतो म्हणायचे, म्हणजे कागद होणं. मग तो तळघरात न्यायचा, थंड आणि दमट, तिथे आतला ओलावा हळूहळू बाहेर यायचा आणि पास्ता परत मऊ पडायचा. मग पुन्हा सावलीत, वाऱ्यावर. घाई केली की तडकलाच. कुठला वारा सुटला की खिडकी लावायची आणि कुठला आला की उघडायची, हे ठरवायला एक अनुभवी माणूस असायचा, त्याच्याकडे कुठलं मीटर नव्हतं, बोटांना कळायचं. अशा माणसांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत, म्हणून हे सांगतोय.

[साचा]

आणि हा ब्राँझचा साचा. यातून निघालेल्या पास्त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो, जवळून बघा, पीठ भुरभुरल्यासारखा दिसतो, म्हणूनच रस्सा त्याला धरून राहतो.

[रिकामं स्टेशन]

पुढे १९१७ च्या क्रांतीनंतर रशियाच्या तागानरोग बंदरातून येणारा ड्युरम गहू थांबला, विजेवरच्या वाळवण-खोल्या आल्या, कित्येक छोटे कारखाने बंद झाले, माणसं अमेरिकेला गेली.

[आजचा कारखाना]

२०१३ मध्ये ग्रान्यानोच्या पास्त्याला युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात ब्राँझचा साचा आणि इथलंच पाणी ही अट आहे. आता वाळवतात ते बंद खोलीत, पण स्पॅगेटी अजूनही दांड्यावरच टांगतात, त्यामुळे वरच्या टोकाला असा बाक येतो. बहुतेक ठिकाणी तो कापून टाकतात. इथले काही कारखाने तो तसाच ठेवून पाकिटात भरतात.