आधी विमान शोधा, मग वैमानिक

(सुरुवातीच्या लष्करी जेट विमानांतून इजेक्ट झालेल्या, म्हणजे संकटात सीटसकट विमानाबाहेर फेकल्या गेलेल्या, वैमानिकांच्या शोधाविषयी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर ‘शोधाच्या पद्धती’ असं छापलंय आणि पद्धतींकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट मनात पक्की बसायला हवी, नाहीतर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाईल. वाचलेल्यांची यादी म्हणजे इजेक्ट झालेल्यांची यादी नव्हे.

तुमच्यापैकी बहुतेकांनी शोधाला सुरुवात केली ती वाचलेल्यांच्या याद्यांपासूनच. साहजिक आहे. पॅराशूटमुळे जीव वाचलेल्यांचा कॅटरपिलर क्लब १९२२ पासूनचा. अशा सीट्स बनवणाऱ्या मार्टिन-बेकर या ब्रिटिश कंपनीचा टाय क्लब १९५७ चा. त्यांच्या सीटवरून इजेक्ट होऊन जो वाचला तो सभासद. आज या कंपनीच्या सीट्सनी वाचवलेल्यांचा आकडा साडेसात हजारांच्या वर आहे. हे काम थोर आहे, त्याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण नियम बघा: जो वाचला तो सभासद. ज्याने हँडल ओढलं, जो विमानाबाहेर पडला, आणि ज्याला खाली पोचेपर्यंत वेळ पुरला नाही, तो या वहीत कधीच येणार नाही. आपण त्या वहीवरून इतिहास लिहायला बसलो, की त्या माणसाचं नाव आपणही गाळतो. माझा सगळा जीव अडकलाय तो इथे.

सुरुवातीच्या काळात ही गळती किती मोठी असू शकते, हे कळायला सीटचं काम जरा सावकाश बघू. मार्टिन-बेकरची मार्क १ सीट घ्या. वैमानिकाने आधी कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, उडवून द्यायची. मग डोक्याच्या वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून चेहऱ्यावरून खाली ओढायचं. हँडलला जाड कापडाचा पडदा असतो, तो तोंडावर येतो. वाऱ्याच्या झोतापासून चेहरा वाचतो, डोकं मागे टेकलेलं राहतं, पाठ ताठ राहते. पडदा पुरता ओढला की काडतूस उडतं आणि सीट रुळावरून वर फेकली जाते. मग एक छोटी ड्रोग छत्री उघडते आणि सीट गटांगळ्या खायची थांबते. यंत्राचं काम इथे संपलं! यापुढचं सगळं माणसाने करायचं. कमरेखांद्याचे पट्टे स्वतःच्या हाताने सोडायचे, सीट लाथेने दूर सारायची, तिच्यापासून मोकळं व्हायचं, आणि मग पॅराशूटची कडी ओढायची. नुकताच पाठीला जबर हिसका बसलेला, कदाचित हात मोडलेला, कदाचित शुद्धही धड नसलेला माणूस हे सगळं करणार. उंची हाताशी असेल तर जमायचं. नसेल तर पट्टे सुटायच्या आत जमीन यायची. पट्टे आपोआप सुटणं आणि पॅराशूट आपोआप उघडणं हे मार्क २ मध्ये आलं. तोवर सीट चोख चालली आणि माणूस मात्र गेला, हे सहज घडू शकत होतं.

आता ‘पहिला कोण’ या प्रश्नावर थोडंसंच बोलतो, कारण यावर तुम्ही आपसात भरपूर भांडलेले आहात. जीव वाचवण्यासाठी सीट पहिल्यांदा वापरली ती हेल्मुट शेंक या जर्मन चाचणी वैमानिकाने, १३ जानेवारी १९४२ रोजी, जर्मनीतल्या रेखलिनला. विमान हाइंकेल २८०, जेटसाठीच बांधलेलं; पण त्या दिवशी ते दुसऱ्या विमानांच्या मागे दोराने ओढून वर नेलं होतं. वर गेल्यावर बर्फ साचला, विमान आवरेना. शेंक दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या सीटने सुमारे २,४०० मीटरवरून बाहेर पडला आणि वाचला. जेट विमानातलं पहिलं इजेक्शन, आणि विमान जेटच्या जोरावर उडतच नव्हतं! यादीत हे ‘जेट’ या रकान्यात घालायचं की नाही? मी घालतो, आणि शेजारी टीप लिहितो.

ब्रिटनमध्ये २४ जुलै १९४६ ला बर्नार्ड लिंच यांनी मीटिअर विमानातून उडी घेतली, पण ती ठरवून घेतलेली चाचणी होती. लिंच मार्टिन-बेकर कंपनीतले फिटर. जी सीट आपण बांधतो तिच्यावर आपणच बसायचं, याला काय काळीज लागलं असेल! संकटात सापडून सीट वापरणारे पहिले ब्रिटिश वैमानिक म्हणजे जो लँकेस्टर, ३० मे १९४९. विमान आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ कंपनीचं एडब्ल्यू ५२, शेपूट नसलेलं, सगळं मिळून एक पंखच. ते हवेत इतकं हादरायला लागलं की आपली शुद्ध हरपेल असं त्यांना वाटलं, आणि ते बाहेर पडले. विमान मात्र एकटंच तरंगत खाली आलं आणि फारसं न मोडता माळावर उतरलं. लँकेस्टर पुढे शंभरी पार करून २०१९ मध्ये गेले. त्याच १९४९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी नौदलाचे जॅक फ्रुइन साउथ कॅरोलायनात बॅन्शी विमानातून इजेक्ट झाले, ताशी ५०० सागरी मैलांच्या वर वेग असताना. हे बॅन्शी विमान ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

या चौघांचं सापडणं सोपं, कारण ते ‘पहिले’ आहेत. अडचण आहे ती पंचविसाव्याची आणि साठाव्याची. कुणीही अशा वैमानिकाचं नाव मिळालं की काय करतो? त्याची सेवा-फाईल मागतो. आणि अमेरिकी हवाई दलाच्या बाबतीत तिथेच भिंत लागते. ही हकिगत मी लांबवणार आहे, कारण तिच्यामुळेच माझं मत बनलं.

सेंट लुईस शहराजवळ लष्करी कर्मचाऱ्यांच्या फायलींचं राष्ट्रीय केंद्र आहे. त्याची तेव्हाची इमारत सहा मजली, कागदाने खचाखच भरलेली. फायलींच्या दालनांत आग विझवणारे पाण्याचे फवारे नव्हते. १२ जुलै १९७३ च्या मध्यरात्रीनंतर सहाव्या मजल्यावर आग लागली. ती आटोक्यात यायला बावीस तास लागले, आणि पुरती विझली असं जाहीर व्हायला १६ जुलै उजाडला. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती, आणि आत काय काय होतं याची सूचीसुद्धा आधी केलेली नव्हती. काय जळलं हे सांगायला लागणारा कागदही नव्हता!

आता हवाई दलाचा भाग नीट ऐका. सप्टेंबर १९४७ ते जानेवारी १९६४ या काळात सेवेतून मुक्त झालेल्यांच्या फायली, आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेल्या. ‘हबर्ड, जेम्स ई.’ या नावापर्यंतच्या वाचल्या. त्यापुढच्यांपैकी चारात तीन गेल्या. १९४७ ते १९६४! म्हणजे पहिल्या पिढीतली जेट विमानं, म्हणजे कोरियाचं युद्ध, म्हणजे नेमकी आपली माणसं. समोर बसलेल्यांनी आपापलं आडनाव या हजेरीपटात लावून बघा. आपटे, भोसले, देशमुख, गोखले शाबूत. जोशी, कुलकर्णी, पाटील, शिंदे यांचा भरवसा नाही. हसू येतंय, यायलाच हवं. पण एखाद्या मुलाला आपल्या वडिलांनी कुठल्या आकाशात विमान सोडलं हे कळणार की नाही, ते अशा अक्षरावर ठरलं.

आणि पाण्याचं काय? आग विझवायला इतकं पाणी मारलं की खालच्या मजल्यांवरच्या फायली भिजल्या. ऐन जुलैचा उकाडा. ओला कागद दमट हवेत राहिला की बुरशी धरतो. हे कागद वाळवायचे कसे? मॅक्डॉनेल डग्लस कंपनीकडे अंतराळातली स्थिती निर्माण करणारी मोठी निर्वात कोठी होती, मर्क्युरी आणि जेमिनी मोहिमांच्या काळातली. भिजलेल्या फायली क्रेटमध्ये भरून त्या कोठीत ठेवल्या, हवा काढून घेतली, आणि एकेका खेपेला टनावारी पाणी निघालं. मघाशी फ्रुइनचं बॅन्शी ध्यानात ठेवा म्हटलं ते यासाठी, की बॅन्शी मॅक्डॉनेलचंच, सेंट लुईसमध्ये बांधलेलं. ज्या कारखान्याने पहिल्या जेट वैमानिकांना विमानं दिली, त्याच कंपनीने त्यांच्या पिढीचे कागद वाळवून दिले. पासष्ट लाखांच्या आसपास फायली अशा हाती आल्या. काहींची फक्त किनार जळलेली, मधला मजकूर जसाच्या तसा. त्या मंडळींचे आपल्यावर फार उपकार आहेत, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही म्हणून मी इथे बोलतो.

चिठ्ठी आली आहे, वेळ थोडा उरलाय. तर आता पत्रिकेवरचा विषय, भराभर.

आग लागली ती माणसांच्या फायलींना. अपघातांचे अहवाल वेगळ्या खात्याचे, वेगळ्या जागी. १९५५ पर्यंतचे अमेरिकी हवाई दलाचे अपघात अहवाल अलाबामात मॅक्सवेल तळावरच्या इतिहास संशोधन केंद्रात मायक्रोफिल्मवर आहेत. त्यांना हबर्डचा नियम लागत नाही. म्हणून माझं म्हणणं: माणसाच्या नावाने सुरुवात करू नका, विमानाच्या नंबरने करा. विमान गमावलं की कुणाला तरी त्याचा हिशेब द्यावाच लागतो. ब्रिटनमध्ये त्यासाठी अपघाताचं कार्ड आहे, फॉर्म ११८०. विमानाचा प्रकार, नंबर, तारीख आणि चार ओळींत काय घडलं ते. तारीख मिळाली की स्क्वाड्रनची रोजनिशी काढा, फॉर्म ५४०. ती लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात एआयआर २७ या मालिकेत बघायची. नाव तिथून येईल, आणि बरोबर घटनाही येईल.

दुसरं. त्या विमानात सीट होती का, हे आधी तपासा. ब्रिटिश हवाई दलाच्या एकासनी व्हँपायरमध्ये नव्हती. मीटिअर मार्क ४ मध्ये नव्हती, दोन आसनी मार्क ७ मध्येही नव्हती; मार्क ८ मध्ये होती. वर्तमानपत्रात ‘वैमानिक पॅराशूटने उतरला’ एवढंच असतं, आणि त्यावरून व्हँपायरचा वैमानिक इजेक्शनच्या यादीत जाऊन बसतो. तो कॉकपिटमधून स्वतःच्या अंगबळावर बाहेर पडला होता; त्याचं श्रेय सीटला देऊ नका.

तिसरं, नावं. जो लँकेस्टर कागदोपत्री जॉन ऑलिव्हर आहेत. जुलै १९४६ मध्ये साब २१ मधून बाहेर पडलेले स्वीडनचे बेंगट योहान्सन पुढे येर्केनस्टेट हे आडनाव लावू लागले. नावावर विसंबू नका. ब्रिटिश अधिकाऱ्यांचा सेवा क्रमांक लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात मिळतो, तो धरा. आणि कंपन्यांचे चाचणी वैमानिक हवाई दलाच्या दफ्तरात शोधत बसू नका. फेब्रुवारी १९५५ मध्ये ध्वनीपेक्षा जास्त वेगात एफ-१०० मधून इजेक्ट होऊन वाचलेले जॉर्ज स्मिथ ‘नॉर्थ अमेरिकन’ नावाच्या विमान कंपनीचे होते. लँकेस्टरही कंपनीचेच.

चौथं, युद्धकाळ. ऑस्ट्रेलियाच्या ७७ स्क्वाड्रनचे रॉन गथ्री २९ ऑगस्ट १९५१ ला कोरियावर मिग-१५ च्या माऱ्यात सापडले आणि मीटिअरमधून इजेक्ट झाले, सुमारे ३८,००० फुटांवरून. खाली उतरले ते थेट कैदेत. आपली हकिगत स्वतः सांगायला ते मोकळे झाले १९५३ मध्ये. घटनेच्या दिवशीची नोंद आणि नंतरची नोंद अशा दोन्ही काढल्याशिवाय युद्धातलं एकही प्रकरण बंद करू नका. ‘परतला नाही’ एवढीच ओळ असली तर पुढची दोन-तीन वर्षं चाळा.

कुटुंबांविषयी एकच सांगतो. पत्र लिहा, फोन करू नका. आणि पहिल्या पत्रात काही मागू नका; तुमच्याकडे जे आहे ते पाठवा. अपघाताचं कार्ड बऱ्याच घरांनी कधी पाहिलेलंच नसतं.

आता शेवटचा मुद्दा, जे वाचले नाहीत त्यांचा. तुमच्या यादीत ‘वाचला’ हा रकाना जरूर असू दे, पण यादीत शिरायची ती अट नको. मग हँडल ओढलं होतं हे ठरवायचं कसं? आधी कॅनोपी कुठे सापडली ते बघा. अवशेषांपासून बरीच मागे, विमानाच्या वाटेवर सापडली असेल तर ती बहुधा आधीच उडाली होती. मग सीट. पण सीट दूर सापडली एवढ्यावर निकाल देऊ नका, कारण विमान हवेत फुटलं तरी ती दूर जाऊन पडते. काडतूस उडालेलं होतं का, पडदा ओढलेला होता का, हे चौकशी अहवालात शोधा. अहवाल हाती येत नसेल तर ब्रिटनमध्ये स्थानिक वर्तमानपत्रात मृत्यूच्या न्यायिक चौकशीचा वृत्तांत बघा. तांत्रिक अधिकाऱ्याची साक्ष कधीकधी तिथे जवळजवळ पुरी छापलेली असते. मात्र जमिनीवर आदळण्याने किंवा आगीनेही काडतूस उडू शकतं, म्हणून कॅनोपी, सीट आणि काडतूस या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. तो बसला की नाव यादीत घ्या, आणि पट्टे सुटले होते की नव्हते हे शेजारच्या रकान्यात लिहा.