हात वर करू नका, कार्ड धरा
(अध्यापक विद्यालयातील छात्राध्यापकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मघाशी सरांनी माझी ओळख ‘तंत्रस्नेही शिक्षक’ अशी करून दिली. हा शब्द हल्ली पदवीसारखा नावापुढे लागतो. खरं सांगायचं तर तंत्राशी माझा स्नेह जुळला तो एकदा सपाटून तोंडावर आपटल्यावर.

तुमच्यासारखाच छात्राध्यापक होतो. सातवीचा भूगोल, घटक ग्रहणे. प्रोजेक्टर शेजारच्या शाळेतून मागून आणलेला, मागच्या बाकावर मार्गदर्शक निरीक्षणवही उघडून बसलेले. व्हिडिओ लावला. चंद्र सरकत सरकत सूर्यासमोर आला आणि तिथेच अडकला. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. पहिला मिनिटभर मुलांना तेच ग्रहण वाटलं. मग मागून एकानं विचारलं, “सर, सुटलं का ग्रहण?” पस्तीस मिनिटांची तासिका, त्यातली वीस माझी वायर काढण्या-घालण्यात गेली. वहीत शेरा पडला : ‘साधन चांगले. पाठ झाला नाही.’ दुसऱ्या दिवशी त्याच वर्गाच्या बाईंनी एक बॅटरी आणि दोन चेंडू घेऊन तो घटक आरामात उरकला.

त्या शेऱ्यावर मी पुष्कळ वर्षं विचार केलाय. नेट गेलं हा अपघात होता. पण नेट चालू राहिलं असतं तरी पाठ झाला असता का? मुलांनी बघितलं असतं, एवढंच.

दाखवण्याची हौस आपल्याला जुनी आहे. १९७५-७६ मध्ये एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत दूरदर्शन संच लावून शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. मोठं काम होतं ते. पण संचासमोर बसलेल्या पोराला काही कळलं नाही, तर ते उपग्रहाला कळायची सोय नव्हती. २०१७ मध्ये दीक्षा हे सरकारी शैक्षणिक ॲप आलं, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. पुस्तकांत असे कोड वापरणाऱ्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा हे कोड घरोघरी माहीत झाले. चांगलंच झालं. फक्त आमच्या वाडीवर घरातला एकुलता फोन सकाळी वडिलांबरोबर रानात जातो आणि दिवेलागणीनंतर घरी येतो. पुस्तकातला कोड दिवसभर नुसताच काळापांढरा ठिपका असतो.

म्हणून मी दाखवणाऱ्या साधनांपेक्षा विचारणाऱ्या साधनांच्या नादी लागलो. त्यातलं एकच सविस्तर सांगतो, कारण त्यानं माझी खोड मोडली.

प्लिकर्स नावाचं ॲप आहे. प्रत्येक मुलाच्या हातात कागदाचं एक कार्ड, त्यावर काळी चौकटीदार नक्षी, प्रत्येकाची वेगळी. नक्षीच्या चार बाजूंना बारीक अक्षरात चार पर्याय. उत्तर ‘ब’ असेल तर ब वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून छातीशी धरायचं. शेजाऱ्याला काही कळत नाही, सगळ्यांची नक्षी निराळी. आपण फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कोणी काय उत्तर दिलं ते आपल्यासमोर. मुलाकडे फोन नको, वीज नको. आपल्या एका फोनला रेंज मिळाली की झालं. आमच्याकडे ती दुसऱ्या खिडकीपाशी मिळते.

सहावीचा वर्ग, पट अठ्ठावीस. दशांश अपूर्णांक आठवडाभर शिकवून झाले होते. “समजलं का?” “होऽऽ सर!” हा ‘होऽऽ’ तुम्हीही पाठ केला असेल लहानपणी. शंका म्हणून कार्डांवर प्रश्न टाकला : सर्वांत मोठी संख्या कोणती? अ) ०.५, ब) ०.१२५, क) ०.०९. आणि ‘ड’ला लिहिलं, ‘मला अजून येत नाही.’ फोन फिरवला. सतरा जण ब. तिघं क. दोघं प्रामाणिकपणे ड. बरोबर उत्तर देणारी फक्त सहा, आणि त्यातली पाच तीच, जी रोज हात वर करतात!

सतरा मुलं एकच चूक करतात तेव्हा चूक मुलांची नसते. एकीला विचारलं, वाच गं. ती म्हणाली, “पॉइंट एकशे पंचवीस.” माझ्या पोटात गोळा आला. पुस्तकातल्यासारखं ‘शून्य दशांश चिन्ह एक दोन पाच’ असं वाचायचं सोडून आठवडाभर घाईघाईत ‘पॉइंट एकशे पंचवीस’ मीच म्हणत होतो. एकशे पंचवीस पाचापेक्षा मोठेच की! पोरांचा हिशेब चोख होता.

मग ॲप खिशात गेलं आणि आलेखाचा कागद बाहेर आला. शंभर चौकटी म्हणजे एक. ०.५ साठी पन्नास रंगवा, ०.०९ साठी नऊ, ०.१२५ साठी साडेबारा. शेवटची चौकट अर्धी कशी रंगवायची यावर भांडण झालं, त्या भांडणातच दशांश कळला. शिकवलं कागदानं. पण कागद काढायची वेळ आली आहे हे फोननं सांगितलं.

यात खरी मेहनत ॲप शिकण्याची नाही. ते चहा पिता पिता येतं. मेहनत चुकीचे पर्याय लिहिण्याची आहे. ‘ब’ का ठेवला? जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी, असं वाटणारं मूल तिथे सापडतं. ‘क’ला ज्याची नजर नऊवर जाते ते. उगाच भरतीचा पर्याय टाकलात तर फोन तुम्हाला काहीच सांगणार नाही.

हल्ली पाठ टाचण एआयकडून लिहून घेतात, मला माहीत आहे; हसू नका. माझ्याकडे आलेल्या एका छात्राध्यापकाच्या टाचणात होतं, ‘प्रत्येक विद्यार्थी आपला टॅब उघडेल.’ आमच्या वर्गात उघडण्यासारख्या वस्तू दोनच, दप्तर आणि खिडकी. लिहून घ्या हवं तर, पण वर्गाचा पट डोळ्यांसमोर ठेवून खोडायला बसा. आणि ती आयसीटीची, म्हणजे माहिती-तंत्रज्ञानाच्या विषयाची, फाइल! स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रिंटा काढून स्पायरल करण्यात जो पैसा जातो, त्यात दोन वर्गांची कार्डं छापून होतात.

फेट या संकेतस्थळावरचे विज्ञानातले प्रयोग मराठीतही आहेत, घरून डाउनलोड करून न्या म्हणजे चक्राची भानगड नाही. भूमितीला जिओजेब्रा हे ॲप. दोन्हींवर बोलायला लागलो तर जेवणाची सुट्टी जाईल.

कार्डांबद्दल मात्र दोन गोष्टी. मी हौसेनं चकचकीत लॅमिनेशन केलं. खिडकीचा उजेड पडला की कॅमेऱ्याला काही दिसेना. आता ती जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर चिकटवतो. दुसरं, ॲपमध्ये मुलांची नावं घालू नका, हजेरी क्रमांक घाला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी कोणाला दशांश येत नाही ही काय गावभर करायची गोष्ट आहे?

एक गठ्ठा बरोबर आणलाय. मागच्या रांगेपर्यंत पोचली का कार्डं? बोटांनी नक्षी झाकू नका. पहिला प्रश्न फळ्यावर लिहितो.