सूट किती आणि कशातून?

मंडळी, सुरुवात आपल्या उन्हापासूनच करतो. मे महिन्यात भर दुपारी नागपुरात बर्डीवर पुण्याचा पाहुणा घेरी येऊन बसतो, आणि आपण डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशातला कांदा चाचपत म्हणतो, ‘आम्ही उन्हाला इम्यून आहोत.’ तसं काही नसतं, राजेहो. ती सवय असते. ४५ अंशांत लू आपल्यालाही लागतेच. पण पाहुण्याइतकी लवकर लागत नाही. इंग्रजीतलं ‘पार्शल इम्युनिटी’ काहीसं या वळणाचं आहे.

मराठीत आणताना मात्र हा ‘पार्शल’ छळतो. एका पत्रकासाठी मी ‘अर्धवट प्रतिकारशक्ती’ असं लिहून मोकळा झालो होतो. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, ‘अर्धवट तर माणसाला म्हणतात!’ शब्द खोडला. ‘अंशतः’ लिहिलं, तेही सरकारी वाटतं. त्यात इंग्रजीत पार्शल म्हणजे पक्षपातीसुद्धा, आणि कुणी ‘पार्शल टू संत्रा बर्फी’ म्हणाला तर त्याचा बर्फीवर जीव आहे एवढंच समजायचं.

‘इम्युनिटी’ मुळात डॉक्टरांची नव्हेच. लॅटिनमध्ये ‘म्यूनस’ म्हणजे अंगावर पडलेलं सार्वजनिक काम, भार; त्यातून सुटलेला तो ‘इम्यूनिस’. रोगांशी तिची खरी गाठ पडली १९व्या शतकात. आपल्याकडे याला जुळणारा शब्द इनाम. इनामाच्या जमिनीला पूर्वी शेतसारा माफ असे. पण काही इनामांवर साऱ्याऐवजी ‘जुडी’ नावाची हलकी रक्कम भरावी लागे. सूट आहे, पण पुरती नाही. मला तर पार्शल इम्युनिटीला याहून चपखल काही सापडलेलं नाही.

कायद्यातही तेच. घटनेच्या ३६१व्या अनुच्छेदानुसार राज्यपालांवर पदावर असेपर्यंत फौजदारी कारवाई चालत नाही. वैयक्तिक कृत्याबद्दल दिवाणी दावा मात्र दोन महिन्यांची लेखी नोटीस देऊन लावता येतो. इथे इंग्रजी ‘इम्यून फ्रॉम’ म्हणते, रोगाच्या बाबतीत बहुधा ‘इम्यून टू’. परीक्षेत हमखास इथेच मार्क जातात.

आता मलेरिया. पार्शल इम्युनिटी म्हणजे निम्म्या लोकांना संरक्षण, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. जिथे मलेरिया कायमचा मुक्कामाला आहे, तिथे लहानपणापासून वारंवार लागण झालेल्या माणसाच्या रक्तात जंतू सापडतात, तरी तो शेतावर जातो. लागण टळत नाही; जिवावरचं दुखणं बहुतेक वेळा टळतं. ही सूट टिकते ती पुन्हा पुन्हा होणाऱ्या लागणीवर. म्हणजे जुडी भरणं आलंच! अशा गावातला पोरगा चार-पाच वर्षं शिकायला मलेरिया नसलेल्या शहरात राहतो, सुट्टीत घरी येतो. डास त्याला चावतो आणि आजीलाही. आजी चुलीपुढे भाकरी थापत असते, आणि हा दोन गोधड्या पांघरून हुडहुडत असतो.