पिवळा दिवा आणि वीतभर वायर

सकाळचे सात. साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटातलं धुकं अजून हललेलं नाही. कासच्या बाजूला शाळेत शिकवणाऱ्या एका मॅडमची ही गाडी. हा त्यांचा रोजचा रस्ता. आता व्हिडिओत हे वळण नीट बघा. स्टिअरिंग उजवीकडे गेलं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. घसरणारी गाडी, तिच्याखाली दोन नागमोडी रेघा: हा ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा दिवा. शेजारी एबीएसचाही दिवा, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा. गाडी बंद करून चालू केली की दोन्ही विझतात आणि पुढच्या एखाद्या वळणाला परत हजर होतात.

एका ठिकाणी त्यांना सांगितलं गेलं, एबीएसचं मॉड्यूल, म्हणजे त्याचा मेंदू, गेलंय, बदलावं लागेल. तेव्हा गाडीचं चाकसुद्धा खोललेलं नव्हतं.

हे साताऱ्याच्या गोडोलीतलं गॅरेज. इथले दादा पान्याला हात लावण्याआधी विचारतात.

"मॅडम, दिवा सरळ रस्त्यावर लागतो का वळणावर?"

"वळणावरच. पाऊस असला की जास्त."

हे उत्तर दादा जॉबकार्डाच्या मागे लिहून घेतात. मग बॅटरी: गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू केल्यावर १४.१. ठीक आहे. बॅटरी पडली तरी हे दिवे लागतात, म्हणून ती आधी.

आता स्कॅनर, गाडीने नोंदवलेले दोष वाचणारं यंत्र. कोड आला सी ००३५, पुढच्या डाव्या चाकाच्या वेग-सेन्सरचं सर्किट. यातला 'सर्किट' हा शब्द महत्त्वाचा. सेन्सर खराब आहे, असं कोड म्हणत नाही. दोष सेन्सरमध्ये असेल, कपलरमध्ये (वायर जोडणारा प्लग), वायरमध्ये किंवा मॉड्यूलच्या पिनमध्ये. कोड फक्त गल्ली सांगतो. घर आपल्यालाच शोधावं लागतं.

चाकाच्या बेअरिंगवर चुंबकाची एक रिंग असते. चाक फिरलं की या गाडीच्या सेन्सरमधला करंट ७ आणि १४ मिलिअँपिअरच्या मध्ये खाली-वर होतो आणि मॉड्यूल ते ठोके मोजतं. इंजिनाने फिरणारं एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जोरात फिरायला लागलं, तर ते घसरतंय हे मॉड्यूलला कळतं. मग इंजिनाची ताकद कमी होते आणि त्या चाकाला ब्रेक लागतो. एबीएसही याच सेन्सरवर चालतं, म्हणून दोन्ही दिवे एकदम लागतात.

गाडी लिफ्टवर आहे. पोरगा डावं चाक हाताने फिरवतोय. स्क्रीनवर चाकाचा वेग बघा: ४, ५, ४. आता स्टिअरिंग उजवीकडे... शून्य. चाक फिरतंय, आकडा शून्य. सरळ केलं, पुन्हा ४.

सरळ असताना आकडा येतोय, म्हणजे सेन्सर संशयातून सुटला. संशय आता वायरवर, तोही शॉकअप्सरच्या बाजूला जिथे ती प्रत्येक वळणाला वाकते तिथे. दोन्हीकडची कपलर काढून दादा वायरला बॅटरीचा करंट देतात. मीटर दाखवतं १२ व्होल्ट. बहुतेक जण इथे वायरला पास करून टाकतात. दादा त्याच टोकाला ५ वॅटचा बल्ब लावतात. बल्ब मिणमिणतो. वायर वाकवली, विझला. मीटरला करंट लागत नाही म्हटलं तरी चालेल, बल्बला लागतो.

बाहेरून वायर धडधाकट. ब्लेडने प्लॅस्टिक चिरल्यावर आतलं तांबं हिरवं पडलेलं. केसाएवढ्या चिरेतून पाणी शिरलं आणि तारा एकेक करत तुटत गेल्या.

जोड देताना सोल्डर वाकणाऱ्या जागी घेतलेलं नाही. तिथे ते पुन्हा तुटतं. म्हणून वाकणारा सगळा भाग नव्या वायरचा, जोड वर, जिथे वायर क्लिपमध्ये पक्की बसते. आत एकमेकींना पिळलेल्या दोन वायरी आहेत, त्यांचा पीळ होता तसाच ठेवलाय. वर गरम करून आवळलेली स्लीव्ह. हे काम शांतपणे बघण्यासारखं आहे, म्हणून आम्ही ते व्हिडिओतून कापलेलं नाही.

दिवा लागलेला असताना साधे ब्रेक लागतात. पण ओल्या उतारावर चाक जाम झालं, तर सोडवायला एबीएस नसतं. नव्या गाड्यांना ते २०१९ च्या एप्रिलपासून सक्तीचं आहे.

कोड पुसला. कापलेला तुकडा दादांनी मॅडमच्या हातावर ठेवला, वीतभर. मॉड्यूल होतं तेच आहे.

दुसऱ्या दिवशी, सकाळचे सात. यवतेश्वर घाट, पाऊस. तेच वळण.